मिस्टर म्हणतात, या वयात फॅन?

प्रश्न: ताई, हसू नका हं. मी 47 वर्षांची, नाशिकची. आमच्या घरात नाटकाचं वेड कुणालाच नाही. मैत्रिणीकडे एक तिकीट उरलं होतं म्हणून कालिदास नाट्यगृहात 'एका लग्नाची पुढची गोष्ट' बघायला गेले, ते पण कुरकुरत, कारण रविवारची दुपारची झोप जाणार होती. आणि मग प्रशांत दामले बायकोकडे बघून नुसते थांबले, काही बोलले पण नाहीत, आणि अख्खं थिएटर हसत सुटलं. महिना झाला, भांडी घासताना त्यांची गाणी गुणगुणतेय, रात्री यूट्यूबवर क्लिपा. मिस्टर चिडवतात. आता परत प्रयोग लागलाय. तेच नाटक दुसऱ्यांदा बघणं म्हणजे पैसे वाया का? आणि आत जाऊन भेटलं तर चालतं का?

उत्तर: हसले, पण तुमच्या त्या बुडालेल्या झोपेला. अहो, 47 हे काय वय झालं, नाटकाला तर निम्मं थिएटर पांढऱ्या केसांचं असतं!

आधी दुसऱ्या तिकिटाचं बोलू. जरूर काढा. बघा, हा माणूस 1983 च्या 'टुरटुर'पासून स्टेजवर आहे, आणि 6 नोव्हेंबर 2022 ला मुंबईत षण्मुखानंदला 12,500 वा प्रयोग केला, तो पण तुम्ही बघितलेल्या याच नाटकाचा. मी उगाच भागाकार करून बघितला, वर्षाला 320 च्या आसपास येतात, म्हणजे आपण ऑफिसला जातो त्यापेक्षा जास्त वेळा. तुम्हाला वाटलं ना की ते थांबणं तेव्हाच सुचलं? तसंच वाटायला पाहिजे, पण ते शेकडो वेळा करून झालेलं असतं आणि तरी रोज नव्याने जमवावं लागतं, कारण नाशिकचं पब्लिक वेगळ्या जागी हसतं आणि पार्ल्याचं वेगळ्या. लाफ्टर पूर्ण पडायच्या आत पुढचं वाक्य टाकलं की ते वाक्य गेलंच, आणि जरा जास्त थांबलं तर सीन बसतो. हे मोजमाप क्लिपमध्ये कळतच नाही, तिथे कॅमेरा जवळ जातो आणि बाकीचं स्टेज गायब.

म्हणून या वेळी एक करा, ते बोलत असताना त्यांच्याकडे बघू नका. कविता लाड-मेढेकर, म्हणजे नाटकातली बायको, बोलत असतील तेव्हा बघा. ही जोडी 1998 च्या 'एका लग्नाची गोष्ट'पासूनची आहे, त्यामुळे तिच्या वाक्यावरचा अर्धा हशा याच्या ऐकण्यातून येतो, आणि हे मला स्वतःला तिसऱ्या वेळी दिसलं, तोपर्यंत मी पण बावळटासारखी फक्त डायलॉगची वाट बघत होते. गाण्यांचं पण तसंच, नाचून-गाऊन झालं की लगेच पुढचं वाक्य, धाप कुठे लपवतात ते शोधा.

भेटायचं म्हणाल तर प्रयोग संपल्यावर भेटा, मध्यंतरात अजिबात नको. दोन प्रयोग असतील तर दुपारच्या प्रयोगानंतर गर्दी करू नका, त्यांना जेवू द्या. सेल्फीपेक्षा तो थांबण्याचा क्षण कसा आवडला ते एका वाक्यात सांगा, 'सर तुम्ही ग्रेट आहात' तर त्यांनी हजारदा ऐकलं असेल.

आणि हो, नाशिकच्या बाईंनी एक तर वाचायलाच हवं, वसंत कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाली'. कानेटकर तुमच्याच गावात राहायचे, एचपीटी कॉलेजात शिकवायचे. हे पण गाण्यांचं विनोदी नाटक, संगीत अभिषेकीबुवांचं, आणि दामल्यांनी ते पुढे केलंय. तिथून मागे देवलांच्या 'संशयकल्लोळ'पर्यंत जा, 1916 चं आहे ते, संशयी फाल्गुनराव वाचताना कुठे हशा येईल ते तुम्हाला आता आपोआप कळायला लागेल. दामल्यांनी फाल्गुनरावही केलाय, राहुल देशपांड्यांबरोबर.

मिस्टरांचं पण तिकीट काढा. फक्त त्यांना आपल्या शेजारी बसवू नका, एक सीट सोडून मैत्रिणीच्या पलीकडे बसवा, म्हणजे ते कधी हसले ते तिला विचारता येईल.