कॅमेरूनला धरणाच्या साइटवर निघालायस तर एवढं बघ

भावा, नोकरी चांगली आहे, बिनधास्त जा. फक्त मच्छरदाणी घेतली म्हणून निर्धास्त राहू नको. तिथं रिव्हर ब्लाइंडनेस म्हणून रोग आहे, माशीच्या चाव्यातनं अंगात जंत शिरतोय, खाज सुटती आणि डोळे पण जाऊ शकतात. ती काळी बारकी माशी दिवसा चावती, आणि तिची पैदास गटारात नाही, खळाळत्या पाण्यात होती, पावसाळ्यात खानापूरकडं मलप्रभेला असतंय तसल्या. म्हणजे तुमच्या साइटलाच.

- फुल बाह्या, फुल पँट, डीईईटीवालं (माशा-डास लांब ठेवणारं) क्रीम. घाम आला की परत लाव.
- एक-दोन चाव्यांनी घाबरू नको, बहुतेक महिनोन्महिने चावे खाल्ल्यावर लागतंय हे.

नवीन पोरं चुकतात ती गोळीत. इकडनं आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंतावरची गोळी, नेतात आणि खाज सुटली की आपल्या मनानं घेतात. औषध तेच आहे खरं, पण तिथं लोआ लोआ म्हणून दुसरा जंत पण आहे, कधीकधी डोळ्यात सरकताना दिसतोय, त्याची पिल्लं रक्तात लई असली तर ह्याच गोळीनं मेंदूला सूज येऊन माणूस कोमात जाऊ शकतोय. म्हणून आधी रक्त तपास, ते पण सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मधे दिलेलं.

आणि परत आल्यावर वर्षभरानं जरी खाज, कातडीखाली गाठ असं काय दिसलं तर बेळगावात डॉक्टरला आफ्रिकेत होतो हे आपणहून सांग.