असणार, असेल की असावी?

एका वाचकाने विचारले आहे: गाड्यांविषयीच्या मराठी मजकुरात, अजून जाहीरच न झालेल्या मॉडेलबद्दल 'पुढची कॉर्व्हेट हायब्रिड असणार', 'असेल' आणि 'असावी' अशी तिन्ही रूपे सरसकट दिसतात. यांत काही फरक आहे का? आणि अशा बोलण्याला अंदाज म्हणावे की अटकळ?

फरक आहे, आणि चांगला ठसठशीत आहे. तो पाळला नाही तर वाचकाची दिशाभूल होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्नात कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरोले या अमेरिकन कंपनीची स्पोर्ट्स गाडी, आलीच आहे, तर उदाहरणेही तिचीच घेऊ.

शेव्हरोलेने १८ जुलै २०१९ रोजी आठव्या पिढीची कॉर्व्हेट, म्हणजे सी८, लोकांपुढे आणली. विक्रीच्या कॉर्व्हेटमध्ये इंजिन पहिल्यांदाच चालकाच्या पाठीमागे गेले होते. स्टिंगरे ही मूळ आवृत्ती दिसताच शौकिनांचे लक्ष पुढच्या तगड्या आवृत्त्यांकडे, झेड०६ आणि झेडआर१कडे वळले. त्या घडीला 'झेड०६ येईल' हे वाक्य अगदी योग्य होते. हातात पुरावा नव्हता, पण मागच्या तिन्ही पिढ्यांत झेड०६ निघालेली होती, म्हणजे रीत माहीत होती. 'तो आता घरी असेल' म्हणताना आपण हेच करतो. रूप भविष्यकाळाचे, पण सांगत असतो ती आपली समजूत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सी८.आर ही शर्यतीची गाडी समोर आली आणि चित्र बदलले. तिच्यात ५.५ लिटरचे व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन होते आणि त्याचा क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्यांची ये-जा गोल फिरण्यात बदलणारा दांडा, सपाट होता. अमेरिकन व्ही८मध्ये सहसा क्रँक फुलीच्या आकाराचा असतो, त्यामुळे आवाज खर्जातला, धडधडता येतो. सपाट क्रँकचे इंजिन फेरारीच्या व्ही८सारखे वरच्या पट्टीत किंचाळते. पुढे नक्षीदार आवरणाखाली झाकलेल्या चाचणीच्या गाड्या जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावर पळताना दिसल्या, त्यांचा आवाज नेमका तसाच. आता 'झेड०६मध्ये शर्यतीच्या गाडीचे इंजिन असावे' असे लिहायला आधार मिळाला. 'असावे' हे विध्यर्थाचे रूप कर्तव्य आणि इच्छा यांच्याबरोबर तर्कही दाखवते. धूर दिसतोय, तेव्हा चूल पेटली असावी. 'असावे' लिहिणाऱ्याला कुणी 'कशावरून?' विचारले, तर उत्तर देता आले पाहिजे. २६ ऑक्टोबर २०२१ला झेड०६ जाहीर झाली: ५.५ लिटर, सपाट क्रँक, ६७० अश्वशक्ती. तर्क खरा ठरला.

'असणार' मात्र ठरलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवावे. बोलताना आपण 'तो घरीच असणार' असा पक्का अंदाजही सांगतो, हे खरे. पण तिथे त्या 'च'वरचा जोर आणि बोलण्याचा सूर ऐकणाऱ्याला कळतो. छापील मथळ्याला सूर नसतो, वाचक ती कंपनीची घोषणाच समजतो. झोरा हे नाव घ्या. झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याने कॉर्व्हेटचे इंजिन मागे न्यावे म्हणून कित्येक वर्षे खटपट केली होती. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने २०१४ साली 'झोरा' नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केल्यापासून सर्वांत जहाल कॉर्व्हेटला हेच नाव मिळेल अशी चर्चा होती. जून २०२५मध्ये ती गाडी आली. मागे दोन टर्बोंचे व्ही८, पुढच्या चाकांना विजेची मोटर, एकूण १२५० अश्वशक्ती. म्हणजे हायब्रिडचा होरा बरोबर निघाला. नाव मात्र निघाले झेडआर१एक्स. 'नाव झोरा असावे' लिहिणाऱ्याचा तर्क चुकला, एवढेच. 'असणार' लिहिणाऱ्याने वाचकाला चुकीची बातमी दिली.

एक खाच लक्षात ठेवावी. तर्काचा हा अर्थ 'असणे'मध्ये सहज येतो, इतर क्रियापदांत तितका नाही. 'नवी झेडआर१ लवकर यावी' म्हटले की ती इच्छा झाली, प्रार्थनाच जणू. तर्क सांगायचा तर 'येत असावी', 'तयार झाली असावी' असा 'असणे'चा टेकू द्यावा लागतो. 'दोन दिवसांत पत्र यावे' यातली अपेक्षा जुन्या वळणाच्या मराठीत चालते, पण आजचा वाचक तीही इच्छाच समजेल.

नामांचे थोडक्यात. किंमत किती, अश्वशक्ती किती, असा आकडा काढायचा असेल तिथे अंदाज. खुणांवरून निष्कर्ष काढला तर तर्क. धागा बारीक असूनही त्यावर पुष्कळ काही उभे केले की अटकळ, आणि तिच्यासोबत क्रियापद 'बांधणे'. काहीच आधार नसताना उठवली ती वावडी. मूळ अर्थ पतंग, म्हणून ती उडवायची.

ऑगस्ट २०२५मध्ये शेव्हरोलेने कॉर्व्हेट सीएक्स ही संकल्पना-गाडी दाखवली: चार विजेच्या मोटर, २०००हून अधिक अश्वशक्ती. त्यावरून 'पुढची कॉर्व्हेट विजेवर चालणार' असा मथळा द्यायचा मोह होईल. मी लिहीन ते असे: 'विजेवरच्या कॉर्व्हेटचा विचार कंपनीत चालू असावा, ती विक्रीला आलीच, तर सीएक्सची काही वळणे तिच्यात दिसतील.'