क्रिकेट चांगलं कळतं, आता बेसबॉल आणि त्याचा इतिहास वाचायचाय. ‘मनीबॉल’ पुरेल का, की अजून काही सुचवाल?

नाही पुरणार. ‘मनीबॉल’ ही ओकलंडच्या टीमने २००२ च्या सीझनला कमी पैशात, आकडे बघून माणसं कशी उचलली त्याची गोष्ट आहे. दोन रात्रीत संपते, मजाही येते, पण त्यातून इतिहास कळत नाही, जनरल मॅनेजरचं डोकं कळतं.

माझ्याकडून एकच नाव घ्या, लॉरेन्स रिटरचं ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’, १९६६ चं. हा माणूस न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्सचा प्रोफेसर. १९६१ मध्ये टाय कॉब हा जुना नावाजलेला बेसबॉलपटू गेला, त्याच सुमारास याचे वडीलही गेले, आणि याच्या मनाने घेतलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेळलेले म्हातारे एकेक करून चाललेत, ते आहेत तोवर त्यांचं ऐकून ठेवायचं. टेपरेकॉर्डर घेऊन ७५ हजार मैल हिंडला. सॅम क्रॉफर्ड या जुन्या खेळाडूला शोधत कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावात गेला, काही दिवस पत्ताच लागेना, शेवटी कपडे धुवायच्या दुकानात मशीनसमोर बसलेला असताना शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तोच निघाला क्रॉफर्ड. पुस्तकात रिटर मधे मधे करत नाही, बोलतात ते खेळाडूच, एखादा आजोबा ओट्यावर बसून सांगतोय असं वाटतं.

आता मी एवढं का लिहितोय ते सांगतो. यात फ्रेड स्नॉडग्रासचं एक प्रकरण आहे. १९१२ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची वर्षाची फायनल, शेवटची मॅच, बॉस्टनचं फेनवे पार्क, दहावी म्हणजे जादाची इनिंग, न्यूयॉर्क जायंट्स २-१ ने पुढे, आणि जायंट्सच्या स्नॉडग्रासच्या हातून सरळसोट कॅच सुटला. बॉस्टनने मॅच ३-२ ने घेतली. पेपरवाल्यांनी त्या कॅचला ‘तीस हजार डॉलरचा’ म्हणून नाव पाडलं. हा माणूस पुढे कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डचा मेयर झाला, नाव कमावलं, आणि १९७४ मध्ये ८६ व्या वर्षी वारला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीच्या मथळ्यातच होतं की १९१२ चा कॅच सोडणारा गेला. ६२ वर्षांनी!

माझ्या हातूनही सुटलाय एक. १९९७, सांगलीजवळचं आमचं गाव, जत्रेतली टेनिस बॉलची स्पर्धा, आठ ओव्हरची फायनल. पाचवी ओव्हर दादा टाकत होता, मी डीप मिडविकेटला. बॉल उंच गेला, मी बरोबर खाली आलो, बॉल उजव्या अंगठ्याच्या बुडाशी लागला आणि पायाशी पडला. लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री करणारा ओरडला, ‘सोडला, सोडला, मॅच सोडली!’ तो आवाज मला अजून आठवतो. आम्ही हरलो. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, गणपती असो, पाहुण्यांसमोर दादा सांगणार की ह्याने माझ्या बॉलिंगवर कॅच सोडला म्हणून ढाल गेली. लग्न झाल्यावर बायकोलाही पहिल्या आठवड्यात हेच ऐकवलं.

२०११ ला न्यू जर्सीत आलो, लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये हे पुस्तक एक डॉलरला मिळालं, आणि वाचताना कळलं की स्नॉडग्रासचा कॅच सुटल्यावर पुढे काय झालं ते कोणी बोलतच नाही. पुढच्याच बॅटरचा, हॅरी हूपरचा, याने धावत जाऊन अशक्य कॅच घेतला. मग जायंट्सचा सगळ्यात मोठा पिचर (आपला बॉलर) मॅथ्यूसन, त्याने एकाला वॉक देऊन फुकट बेसवर पाठवला. मग बॉस्टनच्या ट्रिस स्पीकरचा सोपा फाऊल, म्हणजे रेषेबाहेरचा बॉल, उडाला (तोही झेलला की आऊटच), तो जायंट्सच्या तिघांच्या मधे पडला, आणि जीवदान मिळालेल्या स्पीकरने लगेच हिट मारून बरोबरी करून दिली. एवढं सगळं झालं, आणि नाव कुणाचं, तर स्नॉडग्रासचं. आणि हे एकटा स्नॉडग्रास सांगत नाही, हूपर स्वतःच्या प्रकरणात त्या दुसऱ्या कॅचचं कौतुक करतो, तोही समोरच्या टीमचा!

रात्री दोन वाजता दादाला फोन लावला, तिकडे सकाळचे साडेअकरा. सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, कॅच सुटला तेव्हा तीन ओव्हर बाकी होत्या, तो बॅट्समन नंतर फक्त ११ काढून गेला, शेवटच्या ओव्हरला १४ गेले ते कुणाच्या, दोन वाइड कुणाचे? तो म्हणाला, ‘ते ठीक आहे रे, पण कॅच तर सुटलाच ना.’ तर दादा, हे उत्तर तुलाही पाठवतोय, शेवटची ओव्हर तुझी होती.

बरं, तुमच्या प्रश्नावर येतो. खेळ नेमका कुठून आला हे पाहिजे असेल तर जॉन थॉर्नचं ‘बेसबॉल इन द गार्डन ऑफ ईडन’ घ्या, अॅबनर डबलडेने १८३९ ला कूपर्सटाउनमध्ये बेसबॉल शोधला ही दंतकथा कशी रचली गेली ते त्यात आहे. क्रिकेटवाल्याला त्या काळात खूप सापडेल, बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचचा आकड्यांचा तक्ता, रुजवणारा हेन्री चॅडविक आधी क्रिकेटचा बातमीदार होता, आणि १८६९ ची सिनसिनाटीची पहिली उघड प्रोफेशनल टीम बांधणारा हॅरी राइट तर क्रिकेटचाच प्रोफेशनल. रॉजर कानचं ‘द बॉइज ऑफ समर’ सगळे सुचवतात, ब्रुकलिन डॉजर्सवरचं, मला पहिला अर्धा भाग लेखकाच्या स्वतःबद्दल जरा जास्त वाटला, पण खेळाडू म्हातारे झाल्यावर तो त्यांना भेटायला जातो तिथपासून सोडवत नाही.

एक सांगायचं राहिलं. रिटरच्या पुस्तकात सगळे मेजर लीगचेच, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगचे, आणि १९४७ ला जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगचं दार काळ्या खेळाडूंना बंदच होतं, त्यामुळे निग्रो लीगचा, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचा, एकही आवाज त्यात नाही. म्हणून सोबत रॉबर्ट पीटरसनचं ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ वाचाच, नाहीतर अर्धाच इतिहास वाचल्यासारखं होईल. शिवाय म्हातारी माणसं पन्नास वर्षांनी आठवून बोलतायत, तारखा आणि आकडे इकडेतिकडे होतात, ते तपासून घ्या. रिटरच्या मूळ टेप्सही ऑडिओवर मिळतात, ऐकता आल्या तर आधी त्या ऐका. आणि पुस्तक उघडलंत की आधी स्नॉडग्रास वाचा, लगेच हूपर, बाकीचे कुठल्याही क्रमाने चालतील.