प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल: तुलना प्रश्नांवरून करा

‘प्लेटो आदर्शवादी, अ‍ॅरिस्टॉटल वास्तववादी’ असे दोन रकाने आखले की या दोन प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांच्या राजकीय विचारांची तुलना पुरी होते का, असं तुम्ही विचारलं आहे. नाही होत. आपल्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या सातव्या आणि आठव्या पुस्तकात (म्हणजे ग्रंथाच्या भागात) अ‍ॅरिस्टॉटलही आदर्श नगरराज्यच आखतो, आणि ‘लॉज’ या ग्रंथात प्लेटो चक्क जमिनीचे वाटे मोजायला बसतो. तिथे तो कुटुंबांची संख्या 5040 ठरवतो, कारण तिला 1 ते 10 मधल्या प्रत्येक संख्येने नि:शेष भाग जातो, 12 नेही जातो. जमिनीची, सैन्याची, करांची यांपैकी कोणत्याही संख्येने वाटणी करा, बाकी उरत नाही. शिवाय मूळ वाट्याच्या चौपटीपेक्षा जास्त मालमत्ता कुणी ठेवायची नाही. इतका हिशेब करणाऱ्याला नुसता स्वप्नाळू म्हणून कसं चालेल?

म्हणून रकान्यांवर नावं घालू नका, प्रश्न घाला. सगळ्यात कसाचा प्रश्न हा: राज्य करणं हे शिकून येणारं कसब आहे का?

प्लेटोचं उत्तर ठाम ‘हो’ आहे. त्याच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या सहाव्या पुस्तकातलं जहाज घ्या. सुकाणूसाठी खलाशी भांडतात आणि ज्याला खरोखर नौकानयन कळतं त्याला आकाशाकडे बघत बसणारा निरुपयोगी माणूस म्हणतात. मग प्लेटो राज्यकर्त्यांसाठी अभ्यासक्रमच देतो: वयाच्या 20 ते 30 वर्षांपर्यंत गणिती शास्त्रं, पुढे 5 वर्षं द्वंद्वात्मक चर्चा (प्रश्नोत्तरांतून सत्याचा शोध), त्यानंतर 15 वर्षं प्रत्यक्ष पदांवर काम, आणि पन्नाशीला राज्यकारभार. इ.स.पू. 399 मध्ये अथेन्सच्या लोकन्यायालयाने प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस याला मृत्युदंड दिला होता, हे इथे विसरून चालत नाही.

अ‍ॅरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या प्रकरणात याला थेट भिडतो: अनेकांनी मिळून केलेला निर्णय मोजक्या जाणत्यांच्या निर्णयाहून सरस ठरू शकतो. एकाच्या खर्चाने घातलेल्या जेवणापेक्षा सगळ्यांनी मिळून आणलेलं जेवण सरस होऊ शकतं. घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळतं, जेवण कसं झालंय हे आचाऱ्यापेक्षा पाहुण्याला. पण मेख अशी की हे प्रत्येक जमावाला लागू पडेलच असं तो म्हणत नाही, आणि सामान्य माणसांना सर्वोच्च पदंही देत नाही. एकत्र बसून विचारविनिमय करणं, न्याय देणं, अधिकारी निवडणं आणि त्यांचा हिशेब घेणं, एवढंच. उत्तरपत्रिकेत ही मर्यादा गाळली की अ‍ॅरिस्टॉटल उगाच आधुनिक लोकशाहीवादी वाटू लागतो.

मालमत्तेबाबत नेहमीची चूक म्हणजे ‘प्लेटोने खासगी मालमत्ता रद्द केली’ हे वाक्य. ‘रिपब्लिक’मध्ये ती बंदी पालकवर्गावर, म्हणजे राज्याचं रक्षण आणि कारभार करणाऱ्यांवर आहे. शेतकरी-कारागिरांचं काय, हे प्लेटोने स्पष्ट केलं नाही, अशी तक्रार खुद्द अ‍ॅरिस्टॉटलच ‘पॉलिटिक्स’च्या दुसऱ्या पुस्तकात करतो. जे सगळ्यांचं, त्याची काळजी सगळ्यांत कमी घेतली जाते, हा त्याचा प्रसिद्ध आक्षेपही तिथलाच.

शासनप्रकारांचं सहा घरांचं कोष्टक (सत्ता एकाची, मूठभरांची की अनेकांची, आणि प्रत्येकीचं चांगलं व बिघडलेलं रूप) एकट्या अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर टाकू नका. ‘स्टेट्समन’ या संवादात प्लेटोने सहा प्रकार आधीच मांडले आहेत; तिथे कसोटी आहे कायद्याने चालणं. अ‍ॅरिस्टॉटलची कसोटी आहे सत्ता कोणाच्या हितासाठी वापरली जाते ही. त्यातही तो पुढे सांगतो की मूठभरांची सत्ता आणि लोकशाही यांतला खरा फरक डोक्यांच्या संख्येचा नाही, श्रीमंती-गरिबीचा आहे. म्हणूनच मोठ्या मध्यमवर्गावर त्याची भिस्त.

शब्दही घात करतात. अ‍ॅरिस्टॉटलच्या कोष्टकात ‘डेमोक्रसी’ बिघडलेल्या बाजूला आहे आणि चांगल्या बाजूला ‘पॉलितेइया’. हाच शब्द ग्रीकमध्ये ‘राज्यघटना’ या सर्वसाधारण अर्थाने येतो, आणि ‘रिपब्लिक’चं मूळ नावही तेच. मराठीत दोन्हींना ‘लोकशाही’ म्हटलं की सगळा युक्तिवाद उलटापालटा होतो.

अ‍ॅरिस्टॉटल सरसकट उदार, हेही खरं नाही. प्लेटो ‘रिपब्लिक’च्या पाचव्या पुस्तकात स्त्रियांना पालकवर्गात घेतो. अ‍ॅरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच पुस्तकात गुलामी नैसर्गिक ठरवतो.

वाचताना ‘रिपब्लिक’चं पाचवं पुस्तक आणि ‘पॉलिटिक्स’च्या दुसऱ्या पुस्तकाची पहिली सहा प्रकरणं शेजारी शेजारी ठेवा. संदर्भ देताना अनुवादाचा पृष्ठक्रमांक देऊ नका, तो आवृत्तीगणिक बदलतो. जुन्या प्रमाण आवृत्त्यांचे पृष्ठक्रमांक बहुतेक अनुवादांत समासात छापलेले असतात, ते द्या: प्लेटोसाठी स्टेफानस क्रमांक (तत्त्वज्ञांनी राज्य करावं हे ‘रिपब्लिक’मधलं विधान 473 वर), अ‍ॅरिस्टॉटलसाठी बेकर क्रमांक (एकत्र जेवणाचा दाखला 1281 वर).