जुन्या कागदांपासून आर्ट जर्नलमध्ये दिवाळीची पानं करताना वही फुगते, मिटत नाही. काय चुकतंय?

लग्नपत्रिका, वर्तमानपत्र, मिठाईचे खोके आणि जुनं कॅलेंडर वापरून तुम्ही आर्ट जर्नलमध्ये, म्हणजे चित्रं-कात्रणं चिकटवून सजवायच्या वहीत, दिवाळीची चार पानं केलीत आणि चारही फुगली. कोणीतरी तुम्हाला सांगितलं की रद्दीचा कागद असाच वागायचा, त्यापेक्षा क्राफ्टच्या कागदाचं पॅक आणा. आता गोंद कोणता घ्यायचा आणि एका वहीत अशी किती पानं मावतात, असा तुमचा प्रश्न आहे.

गोंदाकडे येते, पण आधी त्या पॅकचं बघू. त्यात असतं काय? नव्याकोऱ्या कागदावर छापलेलं जुनं वर्तमानपत्र, छापलेले चहाचे डाग आणि छापलेली फाटकी कड. म्हणजे घरची रद्दी किलोवर घालायची आणि रद्दीसारखा दिसणारा कागद नगावर विकत आणायचा. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसूसुद्धा येत नाही. ओला गोंद लावला की तो पॅकमधला कागदही तितकाच फुगतो. फुगवटा पाण्यामुळे येतो, त्यात रद्दीचा काही दोष नाही.

कागद ओला झाला की पसरतो आणि वाळताना आकसतो. चिकटवलेला तुकडा आकसताना खालच्या पानालाही ओढतो, म्हणून पान चिकटवलेल्या बाजूकडे वळतं. त्यातही कागद एका दिशेने कमी पसरतो आणि दुसऱ्या दिशेने जास्त. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं तर सरळ फाटतं आणि आडवं फाडलं तर वाकडंतिकडं जातं. सरळ फाटतं ती ग्रेनची दिशा. इतर कागदांसाठी बोटभर तुकडा एका बाजूने ओला करा. तो नळीसारखा गुंडाळला जाईल, आणि नळी ज्या दिशेला लांब, ती ग्रेन. वहीच्या पानाचा ग्रेन बहुधा शिवणीला समांतर असतो. मोठा तुकडा चिकटवताना त्याचा ग्रेनही तसाच उभा ठेवा, निम्मा त्रास तिथेच संपतो. उरलेल्या निम्म्यावर उपाय म्हणजे पानाच्या मागच्या बाजूलाही साधारण तेवढाच कागद चिकटवणं. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पान सपाट राहतं. पुढे कंदील आणि मागे कोरं, अशी पानं वळणारच.

आता गोंद. एकच गोंद सगळीकडे चालवायचा नाही. पातळ कागदाला (वर्तमानपत्र, कॅलेंडर, पाठकोरे कागद) मैद्याची खळ. दोन टेबलस्पून मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा, त्यात पाऊण कप उकळतं पाणी ओता आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन रंग थोडा पारदर्शक झाला की उतरवा आणि गाळून घ्या. गरम असताना ती पातळ कढीसारखी हवी, गार झाल्यावर आपोआप दाट होते. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकायची. खळ लावल्यावर तुकडा मिनिटभर तसाच ठेवा, त्याला काय पसरायचं ते पसरू दे, मग चिकटवा. लगेच चिकटवला तर पानावरच पसरतो आणि सुरकुत्या पडतात.

पत्रिका, पुठ्ठा, खोके यांना फेविकॉल एमआर, पाणी न घालता. ब्रश नको. जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्या आणि गोंद तुकड्यावर खरवडून इतका पातळ पसरा की खालचा रंग दिसला पाहिजे. पतंगी कागदाला या दोन्हींपैकी काहीच नाही, त्याला ग्लू स्टिक. पतंगी कागदाचा रंग पाण्याने सुटतो आणि शेजारचं सगळं गुलाबी होतं. (मुद्दाम रंग सोडायचा असेल तर मजा येते: पांढऱ्या पानावर पतंगी कागदाचे कपटे ठेवा, वरून पाणी शिंपडा, पाच मिनिटांनी कपटे उचला. फराळाच्या पानाला छान पार्श्वभूमी मिळते.)

सगळ्यात जास्त पानं बिघडतात ती कंदिलाची, म्हणून तेच पान सविस्तर लिहिते. ए-फाइव्ह वही धरते, म्हणजे पान १४.८ बाय २१ सेंटीमीटर. रात्रीच्या आकाशाला जलरंग नको, परत पाणी आलं. मासिकांच्या जाहिरातींमधले गडद निळे, जांभळे, काळे भाग फाडून घ्या. कात्री लावू नका. फाडताना एका तुकड्याला पांढरी कड राहते, दुसऱ्याला राहत नाही. बिनकडेचे तुकडे आकाशाला आणि कडेचे कुठे धूर, ढग हवे असतील तिथे.

मग कंदील. अंग ७ सेंटीमीटर रुंद, ८ उंच, वर-खाली त्रिकोणी टोकं. खरा कंदील कामट्यांचा असतो, इथे कामट्या मिठाईच्या खोक्याच्या: ४ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांची चौकट करा. खोक्याची करडी बाजू वर ठेवली तर ती बांबूच्या जवळ जाते, पण गोंदही त्याच बाजूला नीट धरतो. छापील बाजूवर बहुधा प्लास्टिकचा थर असतो, त्यावर गोंद महिनाभर धरल्यासारखा दिसतो आणि मग पट्टी अख्खी सुटून येते. म्हणून करडी बाजू वर ठेवायची तर खाली जाणारी छापील बाजू आधी सॅंडपेपरने खरवडा. तुपाचा डाग पडलेला भाग कापून टाकून द्या. डाग आज टिकलीएवढा दिसला तरी पुढे पसरतो, आणि समोरच्या पानालाही लागतो.

चौकटीत नारिंगी पतंगी कागद लावला की बहुतेकांचा कंदील विझतो. पतंगी कागद इतका पातळ की मागचं निळं-काळं आकाश आरपार दिसतं आणि नारिंगीचा चिखल होतो. मागे वर्तमानपत्र असेल तर कंदिलात शेअर बाजाराचे भाव वाचता येतात. म्हणून चौकटीच्या मापाचा पाठकोरा कागद कोरी बाजू वर करून आधी आकाशावर चिकटवा. त्याच्या मध्यावर रुपयाच्या नाण्याएवढा पिवळ्या कागदाचा गोल, कड कात्रीने नव्हे तर बोटांनी फाडलेली. त्यावर पतंगी कागद, शेवटी चौकट. फाटक्या कडेमुळे पिवळा नारिंगीत विरघळल्यासारखा दिसतो आणि दिवा लागतो. गोल कात्रीने कापलात तर कंदिलात संत्रं ठेवल्यासारखं दिसेल.

झिरमिळ्या दहा-बारा, ५ मिलिमीटर रुंद, ६ सेंटीमीटर लांब. फक्त वरचा एक सेंटीमीटर चिकटवा, बाकी मोकळ्या. पण त्यांची टोकं पानाच्या खालच्या कडेपासून किमान एक सेंटीमीटर आत संपली पाहिजेत, नाहीतर वही मिटताना दुमडतात आणि आठवड्यात तुटतात. पानावर थर चढले की ते दाबात ठेवायचं: वर-खाली बटर पेपर, त्यावर कोरे कागद, त्यावर पोळपाट आणि पोळपाटावर पाच-सहा किलोचं काहीही, गव्हाचा डबासुद्धा चालतो. अर्ध्या तासाने कोरे कागद बदला आणि मग रात्रभर हलवू नका. इथे वर्तमानपत्र वापरू नका, शाई उठते. पंख्याखाली किंवा उन्हात वाळवलेलं पान फुगणारच, मग गोंद कुठलाही असो.

पत्रिकांबद्दल एवढंच की जाड पत्रिका अख्खी चिकटवायची नाही. कोपरा नखाने उकला, बऱ्याच पत्रिकांचे पापुद्रे सुटतात आणि वरचा छापील पापुद्रा तेवढा वापरता येतो. सोनेरी छपाईच्या वेलबुट्टीतून पणतीची ज्योत कापा. गणपतीचं चित्र कापायला घरात कोणाला आवडत नसेल तर ते अख्खं ठेवा, वाद घालू नका. कॅलेंडरच्या तारखांचे चौकोन मला फार आवडतात. २०२५ मध्ये वसुबारस १७ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी १८ला, मग १९ रिकामी, २०ला नरकचतुर्दशी, २१ला लक्ष्मीपूजन, २२ला पाडवा, २३ला भाऊबीज. तो मधला १९ टाकून देऊ नका, चौकोनात फराळाचा हिशेब लिहा. रांगोळीला पंचिंग मशीनमधून पडणाऱ्या टिकल्या, एकमेकींपासून एक सेंटीमीटरवर, आणि रेघा पेनाने. खरी रांगोळी चिकटवू नका, ती वर्षभर झडते.

फटाक्यांचा कागद, विशेषतः फुटलेल्या लवंगीचा लाल कचरा, अजिबात नको. दिसतो सुंदर, पण त्यावर दारूची पूड असते, ती हाताला लागते आणि पान डागाळते.

आणि दिवाळी अंक. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: जुने अंक कापू नका. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनचे कितीतरी अंक असेच कोणाच्या तरी ‘कागद छान जुना आहे’मुळे गेले असणार. जाहिरातींची पानं कापा, तीसुद्धा मागे कथा-कविता नाही हे बघून. ‘व्हिंटेज’ पॅक घेणारे आणि चाळीस वर्षांपूर्वीचा अंक फाडणारे, दोघांनाही कागद फक्त पिवळा हवा असतो. मग ताजं वर्तमानपत्र खिडकीत उन्हात ठेवा, थोड्या दिवसांत फुकट पिवळं होतं. त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. त्याच कारणाने तुमच्या पानावरचं वर्तमानपत्रही पिवळं आणि ठिसूळ होईल. एखादं कात्रण खरंच टिकवायचं असेल तर त्याची झेरॉक्स चिकटवा.

आता किती पानं. १०० जीएसएमचं (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचं) पान साधारण ०.१२ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे शंभर पानांची (दोन्ही बाजू मिळून एक पान) वही १.२ सेंटीमीटर. वरचं कंदिलाचं पान पाऊण ते एक मिलिमीटर भरतं, म्हणजे एकटंच सहा-आठ पानांची जागा खातं. तेवढी पानं काढावी लागतात, पण मुळापासून नाही: शिवणीपाशी दीड सेंटीमीटरची पट्टी ठेवून कापा. पट्टी नसेल तर जोडीचं पान सुटतं आणि पाठही पातळ पडून वही पाचरीसारखी होते. या हिशेबाने शंभर पानांत जाड पानं दहा, फार तर बारा. नुसत्या वर्तमानपत्राची आणि तारखांची सपाट पानं बरीच जास्त होतील, किती ते तुमच्या हातावर आहे. प्रत्येक पानावर कंदील मधोमध ठेवू नका, सगळ्यांचा उंचवटा एकाच जागी येतो.

खळीबद्दल एक राहिलं. तिला कसर लागते. जुने बाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी असतं आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यात तर नकोच. पान पूर्ण वाळल्याशिवाय वही कपाटात ठेवू नका, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून वारा द्या. ज्यांच्या घरी आधीच कसर आहे त्यांनी खळीचा नाद सोडून तिच्या जागीही फेविकॉलच वापरावा, फक्त पातळ पसरून.