राज्ये आणि राजधान्या मुलांना कशा शिकवाव्यात? पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

देशातील राज्ये, राजधान्या आणि केंद्रशासित प्रदेश यांची ओळख मुलांना घरच्या घरी कशी करून द्यावी, याविषयी पालकांनी विचारलेले काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. अठ्ठावीस राज्ये आणि त्यांच्या राजधान्या तो घडाघडा म्हणून दाखवतो. परंतु ‘रायपूर ही कोणत्या राज्याची राजधानी?’ असे मधूनच विचारले की गप्प बसतो. पाठांतर वाढवावे का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : पाठांतर वाढवू नये, त्याची रीत बदलावी. यादी म्हणताना मुलाला पुढचे नाव मागच्या नावाच्या आधाराने आठवत असते. त्याच्या लेखी छत्तीसगड म्हणजे गुजरातनंतर आणि झारखंडच्या आधी येणारे नाव. गोंदिया किंवा गडचिरोलीहून पूर्वेला गेले की जो मुलूख लागतो तो छत्तीसगड, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते. जागा ठाऊक नसलेले नाव परीक्षेपुरते टिकते आणि मग पुसले जाते, म्हणून राजधान्या काही काळ बाजूला ठेवाव्यात आणि नकाशावर शेजारापासून सुरुवात करावी.

महाराष्ट्राला सहा राज्ये लागून आहेत : गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक आणि गोवा. आपण नाशिकचे असल्यामुळे पहिली दोन तर अगदी हाताशी आहेत. सापुतारा गुजरातेत आहे, आणि आपल्या शहरातून जाणारा मुंबई–आग्रा महामार्ग धुळे, शिरपूर मागे टाकून सेंधव्याकडे जाताना मध्य प्रदेशात शिरतो. नांदेडहून निजामाबादला गेले की तेलंगणा, सोलापूरहून विजयपूरला गेले की कर्नाटक, सावंतवाडीपुढे पेडणे आले की गोवा, आणि गोंदियाहून हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत आले की रायपूर. ही सहा राज्ये पक्की झाली की या सहांचे शेजारी कोण, असे मुलाला नकाशात पाहून शोधू द्यावे. त्याला राजस्थान, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि केरळ अशी सात नवी नावे मिळतील. महाराष्ट्र धरून ही चौदा राज्ये झाली, म्हणजे निम्मा देश दोन पावलांत आला. तिसऱ्या पावलात पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, बिहार आणि पश्चिम बंगाल येतात. चौथ्यात पश्चिम बंगालला लागून असलेली सिक्कीम आणि आसाम ही दोनच. आणि पाचव्यात आसामभोवतीची उरलेली सहा. एवढ्यात अठ्ठावीस राज्ये पूर्ण होतात. प्रत्येक राज्य मुलाने आधीच्या राज्याला हात लावून शोधलेले असल्यामुळे एखादे नाव विसरले तरी ते कुठल्या बाजूला शोधायचे, हे त्याला ठाऊक राहते.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. वाचून उजळणी करण्यापेक्षा न पाहता आठवण्याचा सराव स्मरणाला अधिक उपयोगी पडतो. राज्यांच्या सीमा आखलेला पण नावे नसलेला कोरा नकाशा मुलासमोर ठेवावा, आठवतील तेवढी नावे निळ्या पेनने लिहू द्यावीत, मग ॲटलास उघडून चुकलेली आणि राहिलेली नावे त्यानेच लाल पेनने भरावीत. दुसऱ्या दिवशी नवा कोरा नकाशा घ्यावा आणि कालच्या लाल नावांपासून सुरुवात करावी. लाल शाई कमी होत गेली की दोन नकाशांमधले अंतर आधी तीन दिवसांचे, मग आठवड्याचे करावे. आठवताना मूल अडखळले तर लगेच उत्तर सांगू नये. त्या अडखळण्यातच शिकणे घडत असते, आणि घाईने मदत करणारे पालक मुलाचे नुकसान करतात असे माझे स्पष्ट मत आहे.

राजधान्या यानंतर घ्याव्यात. त्यांत मुले एका ठरावीक ठिकाणी चुकतात, ते म्हणजे मोठ्या शहरालाच राजधानी समजणे : मध्य प्रदेशाची इंदूर, पंजाबची लुधियाना, गुजरातची अहमदाबाद. खऱ्या राजधान्या अनुक्रमे भोपाळ, चंदीगड आणि गांधीनगर आहेत. गुजरातच्या बाबतीत चूक समजण्यासारखी आहे, कारण १९६० पासून गांधीनगर उभे राहीपर्यंत त्या राज्याचा कारभार अहमदाबादेतूनच चालत होता. अशा जोड्या आधी वेगळ्या काढून शिकवाव्यात. महामार्गावर असाल तेव्हा ट्रकच्या नंबरप्लेट हे उत्तम साधन आहे. जीजे, केए, सीजी, आरजे ही अक्षरे दिसताच मुलाने राज्य ओळखावे, राजधानी सांगावी आणि तो ट्रक महाराष्ट्रात यायला कोणकोणती राज्ये ओलांडून आला असेल, तेही सांगावे.

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी म्हणते, ‘आपण पुण्यात राहतो, महाराष्ट्रात नाही.’ कितीही समजावले तरी तिला पटत नाही. (एक आई, पुणे)

उत्तर : या वयात हे स्वाभाविक आहे. झां पियाजे या मानसशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील मुलांशी बोलून हेच नोंदवले होते : जिनिव्हात राहणारी लहान मुले ‘मी जिनिव्हाचा आहे, म्हणून स्विस नाही’ असे सांगत. एक जागा दुसरीच्या पोटात असू शकते, हे मुलांना शब्दांनी समजावणे कठीण जाते. हातांनी करून पाहिले की लवकर कळते. जुन्या वर्तमानपत्राची पाच वर्तुळे कापावीत, सर्वांत मोठ्यावर भारत, मग महाराष्ट्र, पुणे जिल्हा, पुणे शहर आणि सर्वांत लहानावर आपले घर काढावे, आणि ती एकावर एक ठेवून तिला विचारावे की घराच्या खाली काय काय आहे. एखाद्या काकांचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर त्यांचेही वर्तुळ त्याच महाराष्ट्रावर ठेवावे. राज्यांची नावे पाठ करण्याची घाई तूर्त करू नये.

प्रश्न : ‘दिल्लीला मुख्यमंत्री आहे, तर ते राज्य का नाही?’ या मुलाच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही. (एक पालक, ठाणे)

उत्तर : मुलाचा प्रश्न फार चांगला आहे. आपल्याकडे अठ्ठावीस राज्ये आणि आठ केंद्रशासित प्रदेश आहेत, आणि त्या आठांपैकी दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू व काश्मीर या तिघांना विधानसभा आहे. त्यामुळे मुख्यमंत्री आहे की नाही, यावरून फरक ओळखता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला कळेल असे उदाहरण पोलिसांचे आहे : मुंबईचे पोलीस महाराष्ट्र सरकारच्या गृह विभागाखाली येतात, दिल्लीचे पोलीस मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाखाली. राज्याला त्याचे विषय राज्यघटनेनेच दिलेले असतात. केंद्रशासित प्रदेशाचा कारभार राष्ट्रपतींच्या वतीने नेमलेल्या प्रशासकामार्फत किंवा नायब राज्यपालांमार्फत चालतो.

हे प्रदेश वेगळे का राहिले, हे सांगितले की त्यांची नावेही लक्षात राहतात. पुदुच्चेरी हा सलग प्रदेश नाही. फ्रेंचांच्या ताब्यात जे तुकडे होते तेच एकत्र राहिले. म्हणून पुदुच्चेरी आणि कारैकल तमिळनाडूला लागून आहेत, माहे केरळच्या किनाऱ्यावर, तर यानम आंध्र प्रदेशात आहे. नकाशावर हे चार ठिपके एकाच रंगात रंगवायला मुलांना आवडते. दादरा व नगर हवेली पोर्तुगीजांकडून १९५४ मध्ये मुक्त झाली आणि त्या लढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडके स्वतः उतरले होते, हे मराठी घरात तरी मुलांना अवश्य सांगावे. चंदीगड हा आणखी निराळा प्रकार आहे. १९६६ मध्ये पंजाबातून हरियाणा वेगळा झाला तेव्हा दोघांचीही राजधानी तेच शहर ठरले आणि ते स्वतः केंद्रशासित प्रदेश झाले. दोन राज्यांची राजधानी, पण दोन्ही राज्यांच्या बाहेर, हे ऐकून मुले थबकतात. तिथे नकाशा काढून दाखवावा.

प्रश्न : आमच्या घरी १९९५ च्या सुमाराचा भारताचा मोठा भिंतीवरचा नकाशा आहे. आजी त्यावरून शिकवते. तो काढून टाकावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : काढू नये, पण एकटा ठेवू नये. शेजारी भारतीय सर्वेक्षण विभागाचा अलीकडचा राजकीय नकाशा लावावा आणि दोन्ही नकाशांतील फरक नातवंडांना शोधायला सांगावेत. जुन्या नकाशात पंचवीस राज्ये आणि सात केंद्रशासित प्रदेश असतील. नोव्हेंबर २००० मध्ये मध्य प्रदेशातून छत्तीसगड, उत्तर प्रदेशातून उत्तरांचल (२००७ पासून उत्तराखंड) आणि बिहारमधून झारखंड वेगळे झाले, म्हणजे राज्ये अठ्ठावीस झाली. २ जून २०१४ रोजी तेलंगणा आले आणि संख्या एकोणतीस झाली. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू व काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, त्यामुळे राज्ये पुन्हा अठ्ठावीस आणि केंद्रशासित प्रदेश नऊ. २६ जानेवारी २०२० रोजी दमण व दीव आणि दादरा व नगर हवेली एकत्र करण्यात आले, म्हणून आठ. हा हिशेब मुलांनी स्वतः वहीत मांडला की घरातील कोणी एकोणतीस सांगतो आणि कोणी अठ्ठावीस, याचे कारण त्यांना आपोआप उमगते. आजींनीही या खेळात जरूर भाग घ्यावा; मुंबई राज्यातून महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली ती १ मे १९६० ची गोष्ट त्यांच्याइतकी चांगली कोण सांगणार?

प्रश्न : सर्व राज्यांचे क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि मुख्यमंत्र्यांची नावे पाठ करून घ्यावीत का? (एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. क्षेत्रफळाने राजस्थान सर्वांत मोठे आणि गोवा सर्वांत लहान, लोकसंख्येने उत्तर प्रदेश सर्वांत मोठे आणि सिक्कीम सर्वांत लहान, एवढे पुरे.

प्रश्न : आम्ही टोरांटोजवळ राहतो. मुलीला शाळेत कॅनडाचे प्रांत शिकायचे आहेत आणि घरी आम्ही भारताची राज्ये शिकवतो. तिचा गोंधळ होईल का? (एक आई, कॅनडा)

उत्तर : एकाच आठवड्यात दोन्ही नवी नावे दिली तर होईल. आधी कॅनडा पक्का करावा, कारण तो तिच्या रोजच्या परिसरातला देश आहे. दहा प्रांत आणि तीन प्रदेश म्हणजे काम थोडके आहे. येथे शेजाऱ्यांच्या पावलांची रीत तितकीशी उपयोगी नाही, कारण बरेचसे प्रांत एका ओळीत आहेत. पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रवास करावा. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा, ऑन्टारिओ, क्युबेक, आणि मग अटलांटिकच्या बाजूचे चार : न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर. वर उत्तरेला त्याच दिशेने युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत. राजधान्यांत तीच मोठ्या शहराची चूक इथेही होते : ब्रिटिश कोलंबियाची राजधानी व्हँकुव्हर नसून व्हिक्टोरिया, अल्बर्टाची कॅलगरी नसून एडमंटन, क्युबेकची माँट्रियल नसून क्युबेक सिटी आहे. आपल्या ऑन्टारिओत तर दुहेरी घोटाळा संभवतो, कारण देशाची राजधानी ओटावा त्याच प्रांतात आहे आणि प्रांताची राजधानी टोरांटो.

भारताकडे वळाल तेव्हा दोन देशांची तुलना करावी. प्रांत आणि प्रदेश यांतला फरक साधारणपणे आपल्याकडच्या राज्य आणि केंद्रशासित प्रदेश यांच्यासारखाच आहे : प्रांतांना अधिकार राज्यघटनेतून मिळतात, प्रदेशांना ते केंद्रीय संसदेच्या कायद्याने दिलेले असतात. नकाशे तिथेही बदललेले आहेत; नुनावुत १ एप्रिल १९९९ रोजी नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून वेगळे झाले, आणि न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झाले ते १९४९ मध्ये, ज्या वर्षी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. भारताच्या नकाशाची सुरुवात मात्र महाराष्ट्रापासूनच करण्याचा आग्रह धरू नये. आजी-आजोबा जिथे राहतात किंवा सुट्टीत विमान जिथे उतरते, त्या राज्यापासून शेजारी मोजायला लागावे.