मुरघासाच्या (हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगेत ऑक्सिजन नसताना जिवाणूंना ऊर्जा मिळते कुठून?

साखर अर्धवट फोडून. जळगाव-धुळ्याकडे मक्याचा मुरघास भरतात, त्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू एका ग्लुकोजचे दोन पायरुव्हेट (साखरेचे अर्धे तुकडे) करतात आणि निव्वळ 2 एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू) मिळवतात. ऑक्सिजन वापरणाऱ्या पेशीला साधारण 30 मिळतात. खरी अडचण एनएडीची, म्हणजे हायड्रोजन वाहून नेणाऱ्या रेणूची आहे: साखर फुटताना हायड्रोजन घेऊन त्याचं एनएडीएच होतं, आणि एनएडी संपलं की सगळंच थांबतं. म्हणून पायरुव्हेट एनएडीएचकडून हायड्रोजन घेऊन लॅक्टिक आम्ल बनतं. या पायरीत एटीपी एकही मिळत नाही, एनएडी तेवढं मोकळं होतं. आम्लामुळे पीएच 4 च्या आसपास उतरतो, चारा टिकतो.

कुट्टी (बारीक कापलेला चारा) नीट दाबली नाही तर आत राहिलेल्या हवेवर यीस्ट आणि बुरशी वाढते, चारा तापतो. ओलावा 70 टक्क्यांच्या बराच वर असेल तर क्लॉस्ट्रिडियम जिवाणू ब्युटिरिक आम्ल करतात. कुबट वास त्याचाच.